एका दिवसात जाणारी मेंदी

सरकत्या जिन्यावर माणूस उभा असतो आणि जिना चालतो, त्यामुळे समोरून येणाऱ्यांची तोंडं बघण्यापलीकडे काही उद्योग उरत नाही. तो खाली चालला होता. वर येणाऱ्या जिन्यावरच्या एका बाईने त्याला ओळखलं आणि हात हलवला. उजवा हात, पंजा पूर्ण उघडा. हा हात त्याने काल दुपारी मेंदी काढायला आपल्या मांडीवरच्या उशीवर घेतला होता. तळव्याच्या खळग्यात कमळ, मनगटावरून चढत गेलेली वेल, आणि करंगळीपाशी जागा कमी पडली म्हणून आत वळवलेलं एक हट्टी पान. आता कमळ नव्हतं. वेल नव्हती. पान नव्हतं. फिकट झालं होतं म्हणावं, तर फिकट व्हायलाही आधी काहीतरी असावं लागतं. "काका, बेस्ट! एका दिवसात पार गेली! उद्या मैत्रिणींना पाठवते!" ती ओरडली आणि जिन्याने तिला वर उचलून नेलं. त्याने सवयीने हात जोडले. दुकान जळाल्याची बातमी कुणी हसतमुखाने आणून द्यावी आणि आपण त्याला 'बसा, चहा घेऊन जा' म्हणावं, तसे ते जोडले गेले. जिना संपला हे त्याच्या पायांना उशिरा कळलं आणि तो पडता पडता राहिला.

मॉलच्या तळमजल्यावर उत्सव चालू होता. या उत्सवाला देव नव्हता, तिथी नव्हती, सोवळं नव्हतं की सुतक नव्हतं. सुट्ट्या आल्या की तो येत असे आणि माल खपला की जात असे, त्यामुळे सगळ्या जातीधर्माच्या माणसांना तो एकसारखा परका होता आणि म्हणूनच गर्दी उसळली होती. कारंज्याच्या मागे, स्वच्छतागृहाच्या अलीकडे, 'परंपरा कोपरा' होता. तिथे चाक फिरवणारा एक कुंभार, तोंड बघून चित्र काढणारा एक चित्रकार आणि तो, अशी तिघांची मिळून परंपरा झाली होती. उत्सव चालवणाऱ्या कंपनीची एक मुलगी होती, सगळे तिला इव्हेंटवाली म्हणत. पहिल्याच दिवशी तिने त्याच्या डोक्यावर पगडी ठेवली. आयुष्यभर बोडका वावरलेला तो म्हणाला, "ताई, ही कुठल्या बाजूची म्हणायची?" ती क्षणभर फोनमधून वर बघून म्हणाली, "जनरल आहे काका." त्या जनरल पगडीखाली तो रोज हात धरून बसे. आजही बसला. समोर एक हात आला, उशीवर ठेवला गेला, आणि त्याला पहिल्यांदाच कळेना की यावर आपण काय काढणार आहोत आणि कशासाठी.

खरं म्हणजे मेंदी काढणाऱ्याला आपलं काम कधी दिसतच नाही. सुताराला खुर्ची दिसते, शिंप्याला सदरा दिसतो, एवढंच काय, वकिलाला अशील तुरुंगात गेलेला दिसतो. मेंदीवाल्याला दिसतो तो हिरवा चिखल. रंग नंतर चढतो, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या दिवशी, आणि तो बघायला मेंदीवाल्याला कुणी बोलावत नाही. पण त्याला कधी बघायची गरजच पडली नव्हती. त्याच्या कामाचा पुरावा घरी, स्वयंपाकघरात असे. बायकोच्या बोटांची टोकं. मेंदी ती भिजवायची आणि तो काढायचा, अशी धंद्याच्या सुरुवातीपासूनची वाटणी होती. लग्न ठरलं तेव्हा तो दुकानांच्या पाट्या रंगवत होता. मुलगी बघायला गेल्यावर तिची गर्द विटकरी, जवळजवळ काळी बोटं बघून त्याच्या आईने त्याच्या कानात विचारलं होतं, "अरे, हिला काही कातडीचं दुखणं तर नाही ना?" पाट्यांचा धंदा बसला तेव्हा तिनेच त्याच्या हातात ब्रशऐवजी कोन दिला. म्हणाली, "तुमचं अक्षर चांगलंय, वेलबुट्टी जमेल. फक्त हात भिंतीसारखा धरू नका, तो जिवंत असतो." सुरुवातीला बायका पुरुषाच्या हातात हात द्यायला कचरत, तर ती शेजारी पाट टाकून बसे, भाजी निवडत, आणि मधूनच म्हणे, "द्या हो बिनधास्त, तुमच्या हातापेक्षा त्यांचं लक्ष नक्षीत असतं. माझ्याही हाताचं तेच झालंय." बायका हसत आणि हात देत. गल्लीत त्याला 'हातधरे' नाव पडलं. असल्या नावाने दुसरा कुणी बदनाम झाला असता. हा प्रतिष्ठित झाला.

तिचं सगळं शास्त्र नाकात होतं. पूड आली की ती पोत्यात हात न घालता नाक घालायची आणि निम्मी पोती परत पाठवायची. भिजवलेल्या मेंदीवर ओलं फडकं टाकून ती कामाला लागे. मधूनच येऊन फडकं वर करी, हुंगे आणि सांगे, "झोपलीय अजून." म्हणजे ओल्या गवताचा वास. पुन्हा येई. "कूस बदलली." आणि मग एकदा ती फडकं भर्रकन काढून ओरडे, "उठली! अहो, उठली, कोन भरा!" जणू घरात तान्हं मूल होतं. घरात मूल नव्हतं. दोघांनी त्याबद्दल बोलायचं केव्हाच सोडलं होतं, पण मेंदी उठली की तो जेवण टाकून पळत असे हे खरं. उशीर झाला तर ती तोंड वाकडं करून म्हणे, "म्हातारी झाली, टाका." तो विचारी, "तुला कसं कळतं गं?" ती म्हणे, "हुंगा की." तो हुंगे आणि त्याला तपकिरीचा वास येई. तपकिरीची डबी त्याच्या कमरेला कायमची होती आणि त्याचं नाक भर तारुण्यातच सेवानिवृत्त झालं होतं. त्याची कधी अडचण झाली नाही. एका घराला एक नाक पुरतं.

मग तिला ताप आला. ताप गेला, ती उठली, कामाला लागली, जेवणाला चव नाही म्हणून कुरकुरली, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असं दोघांनी ठरवलं. एकदा तो बाहेरून आला तर घर धुराने भरलेलं, शेगडीवर दूध करपून भांड्याला कोळसा धरलेला, आणि ती पलीकडे हातभर अंतरावर लिंबं पिळत बसलेली. "अगं, दूध!" तो ओरडला. ती दचकली, भांड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाली, "विचारात होते." त्यानेही मान डोलावली. विचारात माणसाला वास येत नाही असं कुठे वाचल्याचं त्याला आठवेना, पण त्याने आठवण्याचा फार प्रयत्नही केला नाही. त्याच सुमारास तिच्या बोटांना भेगा पडल्या आणि डॉक्टरने रबरी हातमोजे घालायला लावले. बोटं हळूहळू गोरी होत गेली. तो म्हणाला, मोज्यांमुळे. तीही म्हणाली, मोज्यांमुळे. पूडवाला म्हातारा वारला, त्याचा जावई पोत्यांऐवजी खोकी पाठवू लागला, आणि ती खोक्यात नाक घालून, डोळे मिटून, पूर्वीसारखीच मान हलवायची. एकही खोकं परत गेलं नाही. जावयाचा माल चांगला असतो असं त्याने स्वतःला सांगितलं. जावयाबद्दल असं म्हणणारा तो पृथ्वीवरचा पहिलाच माणूस असावा.

जिन्यावरची बाई भेटली त्या रात्री त्याने मोरीत बसून पोटरीवर मेंदीचा एक ठिपका दिला आणि वर पायजमा ओढून झोपला. सकाळी खरवडला. खाली पोटरी होती, वयोमानाप्रमाणे. तो तसाच उकिडवा बसून राहिला. घरात दोन माणसं होती आणि एकही नाक नव्हतं, एवढाच याचा अर्थ. बाहेर ती फडकं वर करून म्हणत होती, "उठली बरं का!" आवाजात तोच आनंद. त्याला वाटलं, जाऊन सांगावं. मग वाटलं, काय सांगावं? की तू जिला उठली म्हणतेस ती मेलेली असते? त्याने पायावर पाणी ओतलं, पायजमा खाली केला आणि कोन भरायला गेला.

त्यानंतर उत्सवात विपरीत घडू लागलं. जिन्यावरच्या बाईच्या मैत्रिणी आल्या. मैत्रिणींच्या मैत्रिणी आल्या. त्या ओल्या मेंदीचा फोटो काढत, हात असा, हात तसा, एक पेल्यामागे, एक गालाला लावून, आणि फोटो मनासारखा आला की तिथेच ओल्या टिश्यूने सगळं पुसून टाकत. "सॉरी हं काका, सोमवारी मीटिंग आहे." सुरुवातीला तो म्हणे, "ताई, जरा वाळू द्या, रंग येऊ द्या." त्या म्हणत, "नको नको, रंगच नको. तुमच्याकडे तेच तर भारी आहे!" इव्हेंटवालीच्या कानावर गेलं. ती टाळ्या वाजवत आली. "काका, तुम्ही सांगितलं का नाही? हा तर तुमचा यूएसपी आहे!" "मला तसं काही नाही हो, थोडा रक्तदाब आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर, पगडीच्याही वर, फलक लागला: 'शंभर टक्के पारंपरिक. एका दिवसात जाणारी मेहंदी.' रांग कारंज्याला वळसा घालून गेली. त्याचा हात एवढा सफाईने कधी चालला नव्हता. पाण्यावर अक्षरं लिहिणाऱ्याला खाडाखोडीची भीती नसते. एखाद्या हाताच्या मधोमध त्याला वाटे, इथे वेलीऐवजी शिवी लिहिली तरी चालेल. त्याने एकदा लिहिलीही, पाकळ्यांमध्ये मुरडून. ती मुलगी म्हणाली, "वॉव."

आणि संध्याकाळी घरी तो कादंबरी रचत असे. दार उघडताच तिचा प्रश्न ठरलेला: "रंगली का?" पहिल्या दिवशी तो "हो" म्हणाला. पण ती नुसत्या 'हो'वर भागवणारी बाई नव्हती. "कुणाची? कशी? विटकरी की तांबूस?" मग त्याने एक डॉक्टरीणबाई जन्माला घातली, जिचा हात काळाभोर रंगला आणि पेशंट बघतच राहिले. मग एक सासू, जिने सुनेपेक्षा आपली फिकी आली म्हणून भांडण काढलं. ते भांडण बायकोला फार आवडलं. सासूचं पुढे काय झालं हे ती रोज विचारी, आणि तो रोज सासूला एकेक पाऊल पुढे नेई. हसताना ती मोज्यातला हात तोंडावर धरायची. एवढी हसताना तिला त्याने तापानंतर बघितलं नव्हतं. तो जेवता जेवता विचार करी की आपण खोटं बोलतोय ते हिच्यासाठी, आणि घास गिळताना लक्षात येई की ही हसते तेव्हाच आपल्याला घास गिळता येतो. कोण कुणाला पोसत होतं याचा हिशोब लागेना. झोपताना ती अंधारात म्हणाली, "मला वाटलं होतं, माझं नाक गेलं." मग त्याच्याकडे कूस वळवून पुढे म्हणाली, "कुणाला म्हणू नका. पण मधे मला कशाचाच वास येत नव्हता. अजूनही नीट येत नाही. मी आपली अंदाजाने फडकं काढते. पण रंगतेय ना? म्हणजे नाक नाही, ते हातातच होतं बघा इतकी वर्षं." तो म्हणाला, "हो. हातातच." छत जिथे असायला हवं तिथे होतं. ते अंगावर येत नव्हतं हेच त्याला विचित्र वाटलं.

खोट्याला खत घातलं की ते फळ धरतं. एका सकाळी तो निघताना तिने मोजे काढले, पांढरीफटक बोटं त्याच्या डोळ्यांपुढे नाचवली आणि म्हणाली, "हे कुणाचे हात आहेत? माझे तर नाहीत. आज संध्याकाळी माझ्या हातावर काढा." "तुझ्या?" "का? साऱ्या गावाला एवढी रंगतेय, त्या भांडकुदळ सासूलासुद्धा. माझ्या हातांनी काय घोडं मारलंय?" तो म्हणाला, थकलेला असतो मी. ती म्हणाली, एकच हात. तो म्हणाला, तुझ्या भेगा. ती म्हणाली, भरल्यात, बघा. तो म्हणाला, बघू. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या हातावर कधी काढलीच नाहीत. माझी बोटं मुळातच रंगलेली, म्हणून राहून गेलं." त्याला आठवेना. खरंच नव्हती काढली? हजारो हात त्याच्या उशीवरून गेले होते आणि घरातला हात भाजी निवडत शेजारी बसून राहिला होता. तो म्हणाला, "संध्याकाळी काढतो."

दिवसभर तो समोरच्या हातांवर काय काढत होता ते त्याचं त्याला कळलं नाही. डोक्यात एकच होतं: उद्या सकाळी ती हात धुवेल आणि खाली काही नसेल. मग डॉक्टरीणबाई नसेल, सासू नसेल, आणि 'उठली' म्हणणारी बायकोही नसेल. ती पुन्हा धुरात बसून लिंबं पिळेल. कारंज्याच्या पलीकडे अंगावर चित्रं काढून देणाऱ्या मुलीचा स्टॉल होता. ती काळा कोन वापरायची. घटकेत चढणारा, डांबरासारखा. मेंदीच होती ती, खोक्यावर पान छापलेलं होतं. आत पान नव्हतं, केस काळे करायचं औषध होतं. बाजारात मिळणारे कोन आता सगळे याच गोत्राचे. ती स्वतः मोजे घालून काढायची आणि विमानातल्या बाईसारखं गोड हसून गिऱ्हाइकाला सांगायची, "झोंबलं तर लगेच धुवा हं." तो इतके दिवस तिच्याकडे बघून कुंभाराला म्हणत आला होता की हे विष आहे. दुपारी रांग थांबवून तो तिच्याकडे गेला. "पोरी, तुझा एक कोन दे." ती खदखदून हसली. "काका! तुम्ही? परंपरेचं काय?" "एका दिवसात गेली," तो म्हणाला. तिने पैसे घेतले नाहीत. "जपून हं. कुणाकुणाला चालत नाही." त्याने तो कोन खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवून घरी आला. वाटेत दोनदा वाटलं, टाकून द्यावा. दोन्ही वेळा कचऱ्याचा डबा नेमका मागे गेला होता.

ती केस विंचरून, पाट मांडून बसली होती. त्याने तिने भरलेला कोन घेतला, आत जाऊन चष्मा शोधण्याच्या निमित्ताने बदलला, आणि तिचा हात उशीवर घेतला. हात हलका होता. इतकी वर्षं शेजारी असून त्याला त्याचं वजन माहीत नव्हतं. तळव्यावर रेषांचं जाळं, अंगठ्याखाली भाजल्याचा जुना डाग, भरलेल्या भेगांचे पांढरे धागे. तो काढू लागला. त्याला जे जे येत होतं ते सगळं त्याने त्या हातावर काढलं, आणि येत नव्हतं तेही काढलं. ती बघत होती. "काळपट दिसतेय नाही?" "उठलीय जोरात," तो म्हणाला. "वास कसा येतोय?" तिने विचारलं. त्याने नाक खाली नेलं. तपकिरीतूनही त्याला काहीतरी तिखट, औषधी जाणवलं. "छान," तो म्हणाला. ती सुखाने डोळे मिटून बसली.

सकाळी तिच्या किंचाळण्याने त्याला जाग आली. ती दारात उभी होती, हात उजेडात धरून. काळाभोर. प्रत्येक पाकळी, प्रत्येक शीर, जणू छापखान्यातून काढलेली. "बघा! अहो बघा ना! माझ्या आईच्या हातचीसुद्धा अशी रंगत नव्हती!" ती शेजारी दाखवून आली, भाजीवालीला दाखवून आली, आणि परत येऊन दुप्पट पूड भिजवायला बसली. तो उत्सवाला गेला. संध्याकाळी आला तेव्हा ती दाराच्या चौकटीला तळवा घासत होती. "खाजतोय मेला कधीचा. उजवा आहे, पैसा येणार बहुतेक." "येईल," तो म्हणाला, आणि तिच्या हाताकडे बघायचं टाळून पगडी खाली ठेवायला गेला. पगडी तर मॉलमध्येच ठेवून आला होता. रात्री ती पाण्यात हात बुडवून बसली. तो म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, खाजेसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का.

दुसऱ्या सकाळी तो स्वयंपाकघरात आला तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. उजवा हात तिने अंगापासून दूर धरला होता, तो हात म्हणजे कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसा. नक्षी वर उठली होती. कमळाच्या पाकळ्यांना पाणी धरलं होतं, वेल मनगटावरून लाल, फुगीर दोरीसारखी चढली होती, पानापानाच्या कडेला फोड. जिथे जिथे त्याने रेघ ओढली होती तिथे तिथे, आणि फक्त तिथेच. कुठेही हात चुकलेला नव्हता. डाव्या हाताने तिने मेंदीचं मोठं भांडं मोरीच्या कडेवर आणून टेकवलं होतं.

"आज ही नेऊ नका," ती म्हणाली.

"अगं, थांब. आधी डॉक्टर."

"आधी हे. माझं चुकलं काहीतरी भिजवताना. वास येत नाही आणि उगाच हौस. जावयाने पुडीत काय घातलंय ते मला कळायला हवं होतं, पूर्वी कळलं असतं." तिचा आवाज कापत नव्हता, त्यापेक्षा तो कापला असता तर बरं. "माझी एवढी रापलेली कातडी, तिची ही गत. त्या नाजूक मुलींचं काय झालं असेल? रोज एवढ्या जणींना काढता तुम्ही. खरं सांगा, कुणाकुणाचे हात गेले?"

तो तिच्यामागे उभा होता. तोंडात शब्द होते, सगळे, रांगेत. तुझ्या मेंदीने काही होत नाही. हे माझं काम आहे. तुझ्या मेंदीने कुणालाच काही होत नाही, केव्हापासूनच. पहिलं वाक्य बोललं की तिसरं बोलावंच लागणार होतं. त्याने तिच्या हाताकडे बघितलं आणि त्यातल्या त्यात जे उच्चारता येण्यासारखं होतं तेवढं उच्चारलं.

"कुणालाही काही झालेलं नाही. देवाशपथ. मी हात बघितलेत त्यांचे. एकीच्याही हातावर काही नाही."

ती वळली. कितीतरी वेळ तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर त्याच्याबद्दलची एक जुनी, दमलेली माया पसरली.

"नका माझी समजूत घालू," ती म्हणाली. "तुम्हाला कधी खोटं बोलता आलंय का?"

आणि तिने भांडं पालथं केलं.